अबोली कशावर?

मराठी माणसाच्या अंगणात झाडाला नुसतं उभं राहायची सोय नाही. तुळस खोकल्यावर, अडुळसा कफावर, कोरफड भाजल्यावर, जास्वंद केसांवर. कुंपणाला लावलेली मेंदीसुद्धा हातावर रंगून खाल्ल्या पाण्याला जागते. या कर्तबगार मंडळींत अबोली तेवढी बिनकामाची. शेजारचे काका रोपाकडे बघत विचारतात, "ही कशावर हो?" मी सांगतो, "अंबाड्यावर." काकांचं समाधान होत नाही.

बरं, वास तरी? तोही नाही. पण हाच तिचा गुण, असं माझं मत आहे. मोगऱ्याचा गजरा रात्रभर मिरवतो आणि सकाळी तपकिरी होऊन उशीला चिकटलेला सापडतो. अबोलीची वेणी दुसऱ्या दिवशीही कामावर हजर. वजन नाही, आणि भरल्या एसटीत मागच्या बाईचं डोकंही दुखत नाही. कोकणात आणि गोव्यात बायकांनी हे फार पूर्वी ओळखलं. फुलाची खालची नळी दोऱ्यासारखी बारीक, आणि पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला पसरलेल्या. त्यामुळे फुलं अगदी खेटून गुंफता येतात. केळीच्या सोपटात बांधलेली ती घट्ट फाती, म्हणजे वेणी, देवीलाही चालते आणि डोक्यातही. आता महाराष्ट्रात महिला चालकांच्या काही रिक्षाही अबोली रंगाच्या असतात. बिनकामाच्या फुलाला याहून मोठी नोकरी कोणती लागायची!

मूळची ही दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. ऊब हवी, थंडी अजिबात सोसत नाही. युरोपातले लोक तिला खिडकीतल्या कुंडीत जपतात. आपल्याकडे माडाखालची विरळ सावली आणि निचऱ्याची जमीन मिळाली की तिची तक्रार नसते. हिरव्या कणसावर फुलं खालून वर, थोडी थोडी उमलत जातात, म्हणून तोडणीही बेताबेताने. एकदम टोपलीभर द्यायचा तिचा स्वभाव नाही. कणीस संपलं की खुडून टाकावं, म्हणजे नवे फुटवे येतात. पाणी साचलं तर मर लागते. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी समजावेत. त्यावर निंबोळी पेंड घालतात, शेजारी झेंडू लावतात.

खरी गंमत मात्र वाळलेल्या कणसात. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि कान जवळ न्या. क्षणभर काहीच होत नाही. मग 'टक्' करून बोंड फुटतं आणि बी उडून कुठेतरी जातं. एवढ्या गरीब चेहऱ्याच्या झाडाकडून ही अपेक्षा नसते. पहिला पाऊस पडला की हा उद्योग ती स्वतःच उरकते, आणि पुढे फरशीच्या फटीत, नळाच्या कडेला, काकांच्या कोरफडीच्या कुंडीतसुद्धा रोपं दिसू लागतात. काकांनी ती अजून उपटलेली नाहीत. काकूंना वेणी लागते.

तुम्हाला बी हवं असेल तर कणीस पिवळं पडून वाळू लागताच कागदाच्या पिशवीत तोडून घ्या, आणि लगेच पेरा. कपाटात जपून ठेवलेलं जुनं बी बहुधा उगवत नाही.