हिरवी-काळी

काकांच्या घरात वायरींचे तीन डबे आहेत. तिन्ही मूळचे दिवाळीच्या फराळाचे. त्यांवर काकांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवून लिहिलंय : 'चालू', 'चालू असावी' आणि 'असू दे'. पहिल्या डब्यात दोन केबली आहेत, दुसऱ्यात वीसेक, आणि तिसऱ्याचं झाकण लागत नाही. काकू म्हणतात, "पहिल्या दिवाळसणाच्या चकल्या ह्याच डब्यात भरल्या होत्या मी. आताही उघडला की वेटोळीच बाहेर येतात, फक्त खाता येत नाहीत."

असे एक काका प्रत्येक इमारतीत असतात. आमचे दुसऱ्या मजल्यावर आहेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त. केबल जॉइंटर म्हणून उभी हयात त्यांनी खांबांवर, डीपी बॉक्सांसमोर आणि पावसाळ्यात तुंबलेल्या खड्ड्यांत काढली, आणि पुण्याच्या निम्म्या पेठांना एकमेकींशी बोलतं ठेवलं. हे दुसरं कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. निवृत्तीच्या वेळी खात्याने त्यांना पेन्शन दिली, आणि एक श्रद्धा ते स्वतःच घेऊन आले : लाइन कधी मरत नाही, कुठेतरी पाणी शिरलेलं असतं. 'डेड' हा शब्द गिऱ्हाइकाने वापरायचा, जॉइंटरने नाही.

ह्या जातीचा माणूस ओळखायला सोपा. त्याच्या हातात काहीही द्या, रिमोट, इस्त्री, नातवाची चावीची मोटार, तो ती आधी कानाशी नेऊन हलवतो. आत काही खुळखुळलं तर चेहरा उजळतो. नाही खुळखुळलं तर जास्तच उजळतो, कारण मग उघडावंच लागतं. बंद करताना एखादा स्क्रू हमखास उरतो. "कंपनी जास्तीचा देते," असं म्हणून तो खिशात टाकायचा. काकूंच्या वॉशिंग मशीनमधून दर धुण्याला एक-दोन स्क्रू निघतात, ते मशीनचे की काकांच्या पँटचे हा वाद त्या घरात जुना आहे.

तर माझा फोन. रात्री झोपताना अपडेटला लावला, सकाळी बघतो तर काळा ठिक्कर. बटण दाबा, धरून ठेवा, दोन बटणं एकदम दाबा, काही नाही. चौकातल्या दुकानदाराने त्याच्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघितलं. "बोर्ड गेला. साडेपाच हजार. त्यापेक्षा नवा घ्या ना साहेब." मी जिना चढताना काका खाली येत होते. तोंड बघूनच म्हणाले, "दे इकडे." फोन कानाशी गेला. हलवला. "टोन नाही," काका म्हणाले, "पण लाइन आहे."

काकांचा स्वतःचा फोन टेबलावर मंगळवारपासून उघडा पडला होता. बॅटरी एका वाटीत, स्क्रू दुसऱ्या वाटीत. ते बघून मी परत फिरायला हवं होतं.

"क्वालकॉमची चिप आहे ना? मग घाबरू नकोस. तिच्यात कारखान्यातच एक छोटा प्रोग्राम कोरलेला असतो. तो तुला पुसता येत नाही, मला येत नाही, अपडेटलाही येत नाही. वरचे चारही मजले कोसळले तरी तळघरातला वॉचमन जागा. फोन सुरू होताना यूएसबीची एक ठरावीक तार जमिनीला टेकलेली दिसली की वरच्या मजल्यांकडे बघायचंच नाही, नुसतं केबलकडे कान लावून बसायचं, अशी सोय कित्येक फोनांत असते. तेवढी केबल बनवायची."

"मिळत असेल ना विकत?"

हे मी विचारायला नको होतं. 'विकत मिळते' हे शब्द त्या घरात शिवीसारखे आहेत. "मिळते की! पासोड्या विठोबापाशी जा, शंभर-दीडशे टाक. आणि आत काय आहे? एक बटण! बटणाचे दीडशे?"

केबलींचा त्यांचा इतिहास मोठा आहे. सॅमसंगचे जुने गॅलक्सी फोन होते, त्यांना डाउनलोड मोडमध्ये न्यायला छोट्या यूएसबीच्या चौथ्या आणि पाचव्या पिनेमध्ये 301 किलोओहमचा रेझिस्टर लावावा लागे. काकांनी शंभर-शंभरचे तीन एकापुढे एक जोडून काम भागवलं होतं. "एक किलोओहम कमी पडतो, पण फोन काही मोजत बसत नाही." ते तपकिरी-काळा-पिवळा पट्ट्यांचे तीन मणी अजून जपून ठेवलेत. तेरा वर्षांच्या नातीने त्यांना कानातले समजून मागितलं, तेव्हा काकांना पहिल्यांदाच घराण्याचं भविष्य उज्ज्वल वाटलं.

केबल 'चालू असावी' मधून निघाली. दाढीचं पातं घेऊन काकांनी मधोमध गोल फिरवलं, साल काढावं तसं वरचं प्लास्टिक सोललं, आणि थबकले. आत दोनच तारा. एक लाल, एक काळी. "नुसती चार्जिंगची! ह्यात बोलणारं कुणीच नाही. केबल म्हणतात हिला? नाडी आहे!" दुसरी कापली, तीही नाडीच. तिसरी कापण्याआधी काकांनी माझ्या हातातल्या, फोनबरोबर खोक्यात आलेल्या केबलीकडे प्रेमाने पाहिलं. मी समजलो.

तिच्यात चारही निघाल्या, वर चांदीच्या वर्खासारखं वेष्टण. लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी म्हणजे जमीन, पांढरी आणि हिरवी बोलायच्या. "हिरवी तोडायची नाही. फक्त एवढीशी सोलायची. काळी पण. लालच्या वाटेला जायचं नाही." लालच्या वाटेला ते एकदा गेले होते, चिरंजीवांच्या लॅपटॉपची एक खाच तेव्हापासून विश्रांती घेतेय. रंगांवर मात्र त्यांचा भरवसा नाही. "रंग काय, कारखान्यात ज्या दिवशी जो संपेल तो!" म्हणून मल्टीमीटरची एक सुई हिरवीला, दुसरी पिनेला. बीप झालं. काकांनी मान डोलावली, सम बरोबर आल्यासारखी.

मग खोलीत राळेचा वास भरला. धूर जावा म्हणून एक्झॉस्ट फॅन लावला, तो गिरणीसारखा घरघरू लागला. केसाएवढ्या तांब्याच्या तारांना पीळ देताना काकांची जाड बोटं एकदम सोनाराची झाली. चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि दर दोन मिनिटांनी "चष्मा कुठे ठेवला?"

राहिलं बटण. दाबलं की जोडणारं, सोडलं की तोडणारं. काकांनी तिन्ही डबे पालथे घातले. मग दाराकडे बघितलं. मेन बोर्डवरचा एक फ्यूज काढला, पेचकस घेतला आणि दाराबाहेर गेले. दोन मिनिटांनी आले तेव्हा त्यांच्या हातात घराच्या बेलचं बटण होतं. गोल, पांढरं, वर घंटेचं चित्र.

"टेप लावलीय बाहेरच्या तारांना. काकू देवळातून यायच्या आत परत बसवतो."

फोन एक तास चार्जिंगला लावला होताच. मेलेल्याला चार्जिंग कशाला, असं विचारायची माझी छाती झाली नाही. एक टोक लॅपटॉपला. दुसरं टोक मी फोनला लावायचं, काकांनी बटण दाबून धरायचं, आणि दहा वेळा 'विठ्ठल' म्हणून सोडायचं. पहिल्या खेपेला विठ्ठल घाईत झाले. दुसऱ्या खेपेला काका संथ लयीत म्हणू लागले, दहावा 'विठ्ठल' चांगला लांबवला, बोट उचललं, आणि लॅपटॉपने टुंग केलं. पडद्यावर एक ओळ उगवली : क्वालकॉम एचएस-यूएसबी क्यूडीलोडर 9008.

"लागला!" काका उभे राहिले. "बोला, लाइनवर आहेत!"

जुन्या ट्रंककॉलला लाभायचा तो आनंद मी त्यांच्या तोंडावर पाहिला. पुढचं काम तसं कंटाळवाणं. त्याच मॉडेलची मूळ फाइल हवी, दुसऱ्याची चालत नाही; ती उतरवण्यात पाऊण तास, ड्रायव्हरची समजूत घालण्यात वीस मिनिटं. मग एक हिरवी पट्टी पुढे सरकू लागली आणि काकांनी मला केबलीपासून हात लांब ठेवायला सांगितलं. चार-पाच मिनिटं दोघंही श्वास धरून. पट्टी संपली. फोन थरथरला, उजळला आणि मला भाषा विचारू लागला, जणू आमची ओळखच नव्हती.

"काका, माझे फोटो?"

"कुठले फोटो?"

"आतले. तीन वर्षांचे. गोव्याचे, मुलीच्या मुंजीचे... म्हणजे बारशाचे." घाबरलं की माझं असं होतं. "नंबर सगळे. मेसेज."

काकांनी माझ्याकडे खरोखर न समजून बघितलं. "अरे, लाइन जोडून देणं आमचं काम. लाइनवर कोण काय बोललं, ते आम्ही कधी ठेवत नसू."

सांत्वन म्हणून त्यांनी माझी केबल पुढे केली. मधोमध काळ्या टेपचं गाठोडं, त्यातून बाहेर आलेलं बेलचं बटण. "ही राहू दे तुझ्याकडे. पुढच्या अपडेटला लागेल." मी सिम घातलं. रेंज आली. लगेच फोन वाजला. नाव नाही, नुसता नंबर. नावं सगळी गेली होती.

"हॅलो, कोण?"

"कोण काय? काकू बोलतेय! वीस मिनिटं दार बडवतेय मी. त्या फॅनपुढे ऐकू येईल तर शपथ. ह्यांचा फोन लागत नाही. आहेत ना हे तिथे?"

"आहेत ना. पण तुम्ही कुठे आहात?"

"आमच्याच दाराबाहेर! बेल दाबायला गेले तर बेलच नाही, दोन तारा लोंबतायत टेप लावलेल्या. विचार ह्यांना, हिरवी-काळी धरून दहा वेळा विठ्ठल म्हणू का, की उठून दार उघडताय?"