धारणीचा नमुना

धारणीत कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी साडेदहाला एक गृहस्थ येऊन बसतात. ते कारकून नाहीत, वकील नाहीत, इंजिनिअर तर नाहीतच. खांद्याला रेक्झिनची पिशवी, खिशात दोन पेनं आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड. लोक त्यांना फाइलभाऊ म्हणतात. असा एक नमुना प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो, मेळघाटातला जरा जास्त वळणाचा.

त्यांची सगळी विद्वत्ता आठ या आकड्यात आहे. घराच्या कर आकारणीची नोंद म्हणजे नमुना ८, तो ग्रामपंचायतीत. खातेदाराच्या जमिनीचा उतारा म्हणजे ८-अ, तो तलाठ्याकडे. एक मागितला की माणूस दुसरा घेऊन येणार, हे ठरलेलंच. "काहून बाप्पा, घर बांधाचं हाये का वावर पेराचं?" असं म्हणून फाइलभाऊ त्याला पुन्हा बसस्टँडकडे पिटाळतात. २०२४ मध्ये सरकारनं तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी असं बारसं केलं, तेव्हा फाइलभाऊ मनापासून हळहळले. "आता 'प्रति' लिवता लिवताच अर्धी शाई सरते."

खरी परीक्षा झाली डिसेंबर २०२० मध्ये. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली आणि नगरपंचायतीच्या हद्दीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर लहान घर बांधायचं तर नकाशा आणि मालकीचे कागद दाखल करून, शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी ठरली, वेगळी परवानगी लागेना. फाइलभाऊंना दोन दिवस चहा गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी टपरीवरच प्रश्न टाकला, "परवानगी लागत नाही, याचा कागद कोनापाशी हाये?" कोणापाशीच नव्हता. तेव्हापासून 'परवानगी लागत नाही' ही त्यांची सर्वांत जाड फाइल आहे.

१९६६ च्या नगररचना कायद्यात, साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायची सोय आहे. फाइलभाऊंना ती मुळीच आवडत नाही. मुक्यानं मिळालेला होकार फाइलला लावायचा कसा?

कोरकू आदिवासींच्या ढान्यात, म्हणजे वस्तीत, मात्र त्यांचं गणित हुकतं. तिथं घरं समोरासमोर दोन ओळींत, मधून रस्ता, भिंती बांबूच्या आणि मातीनं लिंपलेल्या. पिढ्यान्‌पिढ्या कोणी कोणाला सामासिक अंतर विचारलं नाही. एका बाबांचं घरकुल मंजूर झालं, तेव्हा फाइलभाऊ चतुःसीमा भरायला बसले.

"पूर्वेले?"

"लहाना भाऊ."

"पश्चिमेले?"

"मोठा भाऊ."

"उत्तरेले?"

"म्हैस."

फाइलभाऊंनी पेन थांबवलं, मग 'खुली जागा' असं लिहिलं. म्हैस तेव्हा चरायला गेली होती, म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं.

पंतप्रधान आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं. हप्ते थेट बँकेत, पण मोबाइलवर जागेच्या नोंदीसह टप्प्याटप्प्याचे फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. पहिला फोटो जुन्या घराचा. मोबाइल सरकारी माणसाच्या हातात असला तरी दिग्दर्शन फाइलभाऊंचं. "बाबा, हसू नोका. मांगं पडकं घर हाये." बाबा गंभीर झाले. जोत्यापाशी त्यांना हसायची मुभा मिळाली, पण तोवर ते वाळूच्या काळजीत होते. फोटो झाला की रेंज शोधत टेकडी चढायची, हा भाग कुठल्याच नियमावलीत नाही.

स्लॅब पडला, शेवटचा फोटो झाला, रंगही लागला. फाइलभाऊ पिशवी आवरत होते, तेवढ्यात बाबा जवळ येऊन उकिडवे बसले.

"भाऊ, म्हैस आता कुठी बांधू? उत्तरेले तं तुमी खुली जागा लिवली."

फाइलभाऊंनी दारातल्या म्हशीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि एक कोरा कागद काढला.