कमरेचा माग

शेजारच्या इचलकरंजीस १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने त्या गावाचे भाग्य कापडाशी कायमचे निगडित झाले; परंतु सांगलीच्या विश्रामबागेतील माझ्या घरी जो माग चालतो, त्याने या क्रांतीची यत्किंचितही दखल घेतलेली नाही. त्याला वीज लागत नाही, तेल लागत नाही. लागतो तो खिडकीचा एक मजबूत गज आणि कामाविषयी फारशी आसक्ती नसलेला एक गृहस्थ.

बांबूच्या कामट्या तासून गुळगुळीत कराव्यात, प्रत्येकीच्या मध्यावर तापलेल्या दाभणाने भोक पाडावे आणि मध्ये फटी राखून त्या वरखाली दोन आडव्या पट्ट्यांत जखडाव्यात, की फणी सिद्ध झाली. ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एक धागा भोकातून, पुढचा फटीतून, असे ओवून एक टोक गजाला आणि दुसरे स्वतःच्या कमरेला बांधायचे. फणी उचलली की भोकांतले धागे वर चढतात, दाबली की खाली उतरतात. फटींतले धागे मात्र, जुन्या संस्थानी कारकुनांप्रमाणे, वरिष्ठांच्या या उलथापालथीत जागचे हलत नाहीत. दर खेपेस मधल्या पोकळीतून बाणा, म्हणजे आडवा धागा, सारून पट्टीने ठोकावा. तो नीट ओढून घेतला, की स्वतः अदृश्य होतो आणि सारी शोभा ताण्याच्या पदरात पडते: भोकांत तांबडे व फटींत पांढरे सूत असेल तर आडवे पट्टे, आणि एकेका रंगाचे धागे शेजारी शेजारी बसवले तर उभ्या रेघा.

वर्धा शिक्षणयोजनेने १९३७ साली मुलांच्या हाती हस्तोद्योग दिला तो स्वावलंबनाच्या उदात्त हेतूने. माझा हेतू तितका उदात्त नाही. कमरेला ताणा बांधलेल्या मनुष्यास उठता येत नाही, ही मला या यंत्राची खरी थोरवी वाटते. दारी दूधवाला येवो की चुलीवर आमटी उतू जावो, मी दावणीच्या बैलासारखा असहाय आणि म्हणूनच सर्वथा निर्दोष! बाजारास जाण्याचा हुकूम माजघरातून सुटला, तरी 'ताणा सैल पडेल' एवढा जबाब दाखल केला की प्रकरण तहकूब होते.

शेजारचे निवृत्त मामलेदार एकदा मोका-तपासणीस आले. माझ्या शबनम पिशवीसाठी चाललेला पट्टा त्यांनी दोन बोटांत धरून बारकाईने पाहिला आणि म्हणाले, "अहो, असली नवार गणपती पेठेत हवी तेवढी मिळते."

"मिळते, रावसाहेब," मी म्हणालो, "पण ती आणायला उठावे लागते."

मामलेदारांनी क्षणभर विचार केला. मग आवाज खाली आणून त्यांनी कामट्यांची लांबी विचारली.

शेवटचा हातभर ताणा, फणी पुढे सरकेनाशी झाल्यामुळे, विणताच येत नाही. ती मागाची दस्तुरी समजावी. ज्यांना केवळ पट्टा हवा असेल त्यांनी खुशाल पेठेची वाट धरावी. ज्यांना उद्योगी म्हणवून घेत बसून राहायचे असेल त्यांनी मात्र आजच बांबू आणावा, आणि खिडकीचा गज पक्का आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.