तीन धन्यांचा कीबोर्ड

वायरलेस मेकॅनिकल कीबोर्डच्या शोधात असलेला माणूस बाहेरून ओळखू येत नाही. तो चारचौघांसारखाच भाजी आणतो, वीजबिल भरतो, लिफ्टमध्ये वर बघत उभा राहतो. फरक रात्री अकरानंतर पडतो. तेव्हा तो हेडफोन लावून, डोळे मिटून, चेहऱ्यावर तृप्ती आणून पडलेला असतो. घरच्यांना वाटतं किशोरीताई ऐकतोय. प्रत्यक्षात जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कुणीतरी एक अनोळखी माणूस स्पेसबार दाबत असतो आणि हा ते ऐकत असतो.

मी या थराला पोचलो तो चिरंजीवांच्या एका वाक्यामुळे. मी विमा आणि बँकांच्या माहितीपत्रकांचा मराठी मजकूर लिहितो, म्हणजे जे सही करताना कुणीच वाचत नाही ते. टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप, शेजारी माझा टॅबलेट आणि त्याला टेकवलेला फोन. दिवसभर माझे हात या तिघांमध्ये फिरत असतात. ते बघून चिरंजीव म्हणाले, “बाबा, एकच कीबोर्ड घे ना. एफएन दाबून एक दाबलं की लॅपटॉप, दोन दाबलं की टॅबलेट, तीनला फोन. बास.”

“बास” या शब्दावर विश्वास ठेवायचं माझं वय नाही. तरी ठेवला.

पहिला प्रश्न आला आकाराचा. पूर्ण कीबोर्डला १०४ कळा. उजवीकडचे आकडे उडवले की ८७. त्याहून आक्रसत गेलं की ‘सिक्स्टी पर्सेंट’, त्यात ६१. त्याला वरची एफ-वन, एफ-टूची रांग नाही, बाणही नाहीत. बाण हवा असेल तर आधी दुसरं काहीतरी दाबून धरायचं. टेबलावर जागा वाचते, असं त्याचे भक्त सांगतात. माझ्या टेबलावर वाचलेल्या जागेत दुसऱ्या दिवशी चहाचा कप, औषधाची पट्टी आणि गॅसची पावती येऊन बसतात, हे त्यांना ठाऊक नाही. शेवटी ‘सेव्हन्टीफाइव्ह पर्सेंट’वर तडजोड झाली. बाण राहिले, आकडे गेले.

मग रंग. इथे मात्र मी बराच काळ मुक्काम ठोकला. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, त्यात स्वतंत्र स्प्रिंग. चेरी या मूळच्या अमेरिकन कंपनीने १९८०च्या दशकात ‘एमएक्स’ नावाचे स्विच आणले आणि त्यांच्या दांड्यांना रंग दिले. आज चिनी कारखानेसुद्धा साधारण तीच रंगांची भाषा बोलतात. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, ४५ ग्रॅम भाराला नोंद घेणारा. तपकिरी म्हणजे वाटेत एक बारीकसा उंचवटा लागणारा. निळा म्हणजे उंचवटाही आणि वर खणखणीत ‘क्लिक’ही. कळ एकूण चार मिलिमीटर खाली जाते, पण दोन मिलिमीटरच्या आसपासच अक्षर उमटतं. उरलेला प्रवास निव्वळ समाधानासाठी.

चिरंजीव म्हणाले, लाल घे. दुकानातला मुलगा म्हणाला, तपकिरी घ्या काका, नवीन लोकांना बरा. ‘नवीन लोकांना’ हे मला लागलं. मी टायपिंग शिकलो ते गावातल्या इन्स्टिट्यूटमध्ये, गोदरेजच्या मशीनवर. गोदरेजने आपला पहिला टाइपरायटर १९५५ साली बाजारात आणला. माझ्या वाट्याला आलेलं मशीन त्यानंतर फार उशिरा बनलेलं नसावं. त्याच्या ‘ए’वर डाव्या करंगळीचा सगळा जोर लावल्याशिवाय कागदावर काही उमटत नसे. सर मागून पट्टी घेऊन फिरत. अशा तालमीत तयार झालेल्या माणसाने तपकिरी घ्यावा? मी निळा घेतला.

कीबोर्ड आला. ॲल्युमिनियमचं अंग, वजन दीड किलोच्या वर. ‘वायरलेस असल्यामुळे कुठेही नेता येतो’ असं खोक्यावर छापलं होतं; मी तो बेडरूममधून हॉलमध्ये नेला आणि टेकलो. रात्री लिहायला बसलो. आवाज काय सांगू! प्रत्येक अक्षराला दाद मिळत होती. विमा पॉलिसीतल्या ‘अपवाद व वगळणुकी’ या परिच्छेदाला इतका मान आजवर कुणी दिला नसेल. तिसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “काय हो, रात्री बारा-बारापर्यंत सुपारी कातरत बसता? तब्येतीला बरं नाही ते.”

घरात बायकोने एवढंच विचारलं, “हा आवाज बंद कुठून होतो?” बंद होत नाही म्हटल्यावर तिने उशी उचलली आणि मुलाच्या खोलीत झोपायला गेली. सुदैवाने कीबोर्ड ‘हॉट-स्वॅप’ होता, म्हणजे स्विच डाख न लावता चिमट्याने उपटून दुसरे बसवता येतात. आधी ८७ उपटायचे होते की ८४ हा घोळ झाला, कारण मोजताना मध्येच कुरिअरवाला आला. मग तपकिरी मागवले. दुकानातल्या मुलाला कळवलं नाही. ते बसवताना चिरंजीव म्हणाले, आधी प्रत्येकाला आतून ब्रशने वंगण लावू, आवाज ‘थॉकी’ होतो. शिवणाच्या मशीनचं तेल चालेल का, असं आईने तितक्याच आस्थेने विचारलं. नातवाने आजीकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने आजवर फक्त माझ्याकडेच बघितलं जात होतं.

आता ब्लूटूथ. हे नाव दहाव्या शतकातल्या हाराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून १९९७मध्ये सुचवलं गेलं. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले, तशी ही लहरींची सोय सगळ्या यंत्रांना एकत्र आणेल, ही कल्पना. चिन्हातही त्याच्या नावाची दोन जुनी रूनी अक्षरं जोडलेली आहेत. राजाकडे दोनच देश होते, हे लक्षात घ्यायला हवं होतं. माझ्याकडे लॅपटॉप, टॅबलेट आणि फोन.

वीज वाचवायला हा कीबोर्ड दहा मिनिटं हात लागला नाही की झोपतो. पुन्हा कळ दाबली की जागा होतो, लॅपटॉपला शोधतो, जोडला जातो आणि कामाला लागतो. या जागं होण्यात पहिलं अक्षर बळी जातं. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचं फार काही वाटू नये. मराठीत अख्खा नकार पहिल्या अक्षरात असतो. एका संध्याकाळी आमच्या साहेबांनी (वयाने माझ्याहून बरेच लहान, म्हणून जास्तच आदराने वागतात) विचारलं, “सर, चाळीस पानं उद्या सकाळी दहापर्यंत होतील ना?” मी तेव्हा स्वयंपाकघरातून कांदा चिरून परत आलो होतो. एका शब्दात, ठामपणे उत्तर टाइप केलं आणि पाठवून दिलं: “अशक्य.”

पलीकडून अंगठा आला. पाठोपाठ, “ग्रेट सर! तुमच्याकडून हेच अपेक्षित होतं.” तेव्हा मी पडद्याकडे बघितलं. तिथे लिहिलं होतं, “शक्य.”

ती चाळीस पानं मी पहाटेपर्यंत लिहिली. अधूनमधून शिफ्टला उगाच टिचकी मारत होतो, कीबोर्डला झोप लागू नये म्हणून.

खरा गुंता मात्र यापुढचा आहे आणि तो दुकानात कुणीच सांगत नाही. आपण समजतो की कीबोर्ड अक्षरं पाठवतो. कीबोर्ड नुसते आकडे पाठवतो. ‘के’ लिहिलेली कळ दाबली की त्यातून १४ हा आकडा निघतो. त्या १४चं इंग्रजी ‘के’ करायचं की मराठी ‘क’, हे समोरच्या यंत्रात कुठली भाषा लावली आहे त्यावर ठरतं. माझ्या लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट आहे, भारतीय मानक ब्युरोने १९९१मध्ये प्रमाण केलेली मांडणी: स्वर डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे, ‘क्ष’ शिफ्ट धरून सातवर. टॅबलेट आणि फोन हे दोघे कीबोर्ड जोडला की इंग्रजी धरून चालतात. म्हणजे कीबोर्ड एक घेतला, पण बोटं तीच आणि भाषा मात्र जो ऐकेल त्याची. एकदा टॅबलेटवरून एका ग्राहकाला ‘नमस्कार’ घातला, तो तिकडे ‘व्हीसीएमडीकेईजे’ असा पोचला. त्यांनी अतिशय सभ्यपणे कळवलं की या योजनेचं माहितीपत्रक आमच्याकडे आलेलं नाही, कृपया पाठवावं.

हे झाल्यावर शहाण्या माणसाने प्रत्येक वेळी आपण एकला आहोत की तीनला, हे दिव्याचा रंग बघून तपासलं असतं. मी तपासत असे. पण वंगण लावल्यापासून आवाज इतका सुरेख येऊ लागला होता की मी लिहिताना डोळे मिटू लागलो.

त्या रविवारी सोसायटीचा पंप जळला. सेक्रेटरी पंप चालू ठेवून लग्नाला गेले होते, हे वॉचमनसकट सगळ्यांना ठाऊक. परिपत्रकात मात्र आलं, ‘ए विंगमधील काही सदस्यांच्या निष्काळजीपणामुळे’. ए विंगमध्ये मी राहतो. मी लॅपटॉप उघडला. पाठवायचं काही नव्हतं. मेहुण्याला सगळं लिहून मन मोकळं करावं आणि मग अर्धं पुसून टाकावं, अशी माझी पद्धत आहे. डोळे मिटले आणि सुरुवात केली. सेक्रेटरींचा स्वभाव, त्यांची पार्किंगमधली दुसरी गाडी, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब. प्रत्येक वाक्याअखेर एंटर. शैली म्हणाल तर इतक्या वर्षांच्या विमालेखनात दाबून ठेवलेली विशेषणं त्या दिवशी बाहेर पडली.

डोळे उघडले तेव्हा लॅपटॉपचा पडदा कोरा होता आणि फोन थरथरत होता.

सकाळी मुलाला ‘दूध आण’ लिहायला मी तीनवर गेलो होतो आणि तिथेच राहिलो होतो. फोनवर उघडा होता सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. ‘एंटर दाबताच संदेश पाठवा’ ही सोय मीच हौसेने चालू केली होती, वेळ वाचतो म्हणून. सगळी वाक्यं एकाखाली एक जाऊन बसली होती. इंग्रजी अक्षरांत. जिथे जिथे ‘सेक्रेटरी’ होतं, तिथे तिथे एमएसकेडीजेएस, मग अपॉस्ट्रॉफी, मग जेआर.

पुसून टाकायला बोट नेलं आणि थांबलो. पुसलं तर ‘हा संदेश हटवला’ अशी ओळींची माळ दिसणार आणि लोक विचारणार. ठेवलं तर कळणार कुणाला? ज्या गुंत्याला मी महिनाभर शिव्या घालत होतो, त्यानेच आज माझी लाज राखली होती. मी सगळं तसंच ठेवलं आणि चहा टाकायला गेलो.

परत आलो तोवर बी विंगने जाहीर केलं होतं की माझा फोन हॅक झाला आहे, कुणीही ओटीपी देऊ नये. एका ताईंनी जोडलेले हात पाठवले होते. कुणीतरी विचारलं होतं, हे ‘ज्युनिअर’ कोण? खुद्द सेक्रेटरींनी लिहिलं होतं, “काही समजले नाही. ए विंगने खुलासा करावा.”

आमच्याच मजल्यावर एक काका आहेत. मंत्रालयातून अलीकडेच निवृत्त झाले, शेवटची कित्येक वर्षं संगणकावर शासकीय मराठी बडवत होते. ते ग्रुपवर कधी बोलत नाहीत, सुप्रभातही करत नाहीत. अर्ध्या तासाने त्यांच्या नावापुढे ‘टाइप करत आहेत’ असं दिसलं. बराच वेळ दिसत राहिलं. मग संदेश आला: सी, ई, व्ही, डी आणि शेवटी एक तिरपी रेघ.

माझ्या पोटात गोळा आला. कीबोर्ड एकवर आणला, दोनदा दिवा बघितला, लॅपटॉपवर तीच बटणं त्याच क्रमाने दाबली. पडद्यावर उमटलं, “मान्य.”

खाली लगेच सेक्रेटरींचा संदेश आला. “सदस्यांनी ग्रुपवर कृपया मराठीतच लिहावे.”