शेवटचे वीस फूट

राउटर घरात कुठे बसणार हे तो बसवायला येणारा मुलगा ठरवतो, आणि वायर कुठवर पुरते यावरून ठरवतो. खिडकीच्या चौकटीतून वायर आत येते, पडद्यामागून दोन-तीन हात सरकते आणि तिथे जे काही असेल त्यावर तो डबा ठेवला जातो. मुलगा गेला की घरातली बाई त्याच्याकडे नीट बघते. दोन शिंगं वर काढून रात्रंदिवस हिरवे डोळे मिचकावणारी ही वस्तू हॉलमध्ये कोणाला आवडेल? मग तो शोकेसच्या मागे जातो, तिथून चपलांच्या कपाटात, आणि सणासुदीच्या आत त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आलेला असतो.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण हल्ली नातेवाइकांकडे गेलो की चहाच्या आधी माझ्या हातात रिमोट येतो. ‘‘जरा बघ रे, सारखं अडकतंय.’’ मी इंजिनीअर वगैरे नाही. एकदा मामांच्या टीव्हीवर गोल गोल फिरणारं ते चक्र मी खोलीत असताना थांबलं, एवढीच माझी पात्रता. पण त्या पुण्याईवर बरीच घरं आतून पाहायला मिळाली आणि एक मत पक्कं झालं. दोष दूर कुठे तरी, परदेशात वगैरे असतो असं जे आपण धरून चालतो, ते बहुतेक वेळा खरं नसतं. मोठ्या कंपन्या लोकप्रिय सिनेमांच्या प्रती इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या केंद्रांतच ठेवतात. नेटफ्लिक्स तर २०१२ पासून त्यासाठी स्वतःच्या पेट्या पुरवठादारांना देत आलं आहे. म्हणजे आपण लावलेला सिनेमा बऱ्याचदा आपल्याच शहरातून निघतो, आणि पापणी लवायच्या आत आपल्या खिडकीपर्यंत सुखरूप पोचतो. पुढच्या वीस फुटांत त्याची वाट चुकते.

या वीस फुटांत काय काय असतं ते बघा. वायफायच्या जुन्या, २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण बारा सेंटिमीटर. तिला पाणी शोषून घेतं, धातू परत पाठवतो आणि आरसाही पाठवतो, कारण त्याच्या पाठीला धातूचाच मुलामा असतो. आता मराठी मध्यमवर्गीय घरातलं लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणा. बाहेरून पत्रा, दारावर उभा आरसा, आत लग्नात आलेली स्टीलची आणि पितळेची भांडी. लहरींना अडवण्यासाठी मुद्दाम काही बांधायचं ठरवलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं. त्यात माळ्यावर पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात नातवाच्या हट्टाचे मासे. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यातल्या लहरींवर चालतो, त्यामुळे सिनेमा ऐन रंगात आला असताना कोणी दूध गरम करायला गेलं तर चित्र अडखळतं आणि दोष टीव्हीच्या कंपनीला मिळतो. शेजारपाजारची वायफायंही याच पट्ट्यात दाटीवाटीने बसलेली. एकमेकांच्या पायांत न येणारे रस्ते त्यात तीनच, आणि इमारतीत बिऱ्हाडं किती! फोनवर यादी उघडली की ‘साईकृपा’पासून ‘पासवर्ड मागू नये’पर्यंत सगळे शेजारी हजर असतात.

उपाय पुस्तकात सोपा आहे. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘‘घराच्या मध्यभागी, उंचावर, देव्हारा आहे.’’ मी गप्प बसलो. वाटाघाटी चालल्या आणि अखेर देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर त्याला जागा मिळाली. अट एकच, बाजूला उदबत्तीचं घर आहे तेव्हा शिंगं उजवीकडे वळवायची. तेव्हापासून आत्याकडे काहीही अडकत नाही. दसऱ्याला सुरी, कात्री, शिवणयंत्राबरोबर राउटरलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं. घरातल्या कोणालाही यात शास्त्राचा भाग किती आणि श्रद्धेचा किती हे वेगळं करावंसं वाटलेलं नाही.

मामांचा प्रश्न निराळा होता. त्यांच्या राउटरची नावं दोन, त्यातल्या एकाच्या शेवटी ‘५जी’. ‘‘आपल्या फोनला फाइव्ह-जी नाही, उगीच बिल वाढायचं,’’ म्हणून त्यांनी त्याला हातच लावला नव्हता. हा ‘५जी’ म्हणजे पाच गिगाहर्ट्‌झ. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही आणि बिलाशी तर नाहीच. तो वेगवान असतो, त्याच्या वाटेवर गर्दी कमी असते, फक्त भिंत लागली की तो लवकर थकतो. टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर त्याला हा द्यावा, आतल्या खोलीला जुनाच बरा. खरं तर सगळ्यांत उत्तम म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ वायर ओढावी. पण ती हॉलच्या भिंतीवरून जाणार हे घरात सांगायचं काम मी अजून कोणाकडे पत्करलेलं नाही.

आता ते चक्र का फिरतं, ते. सिनेमा घरी अखंड येत नाही; काही-काही सेकंदांचे तुकडे होऊन येतो, आणि प्रत्येक तुकडा चांगल्या, मध्यम, हलक्या अशा अनेक प्रतींत तयार असतो. टीव्ही आधीच्या तुकड्यांचा वेग बघतो आणि पुढचा त्या मानाने मागवतो. पंगतीत पानातली पोळी संपायच्या आत पुढची वाढली गेली पाहिजे, तसं हे आहे. वाढप्याला उशीर होतोय असं दिसलं की टीव्ही आधी पुरणपोळीऐवजी साधी पोळी मागून बघतो, म्हणजे चित्र धूसर होतं. तीही वेळेवर आली नाही तर पान रिकामं आणि चक्र सुरू. म्हणून चित्र मधूनच धुरकट झालं की लोक चिडतात, तेव्हा मला टीव्हीची बाजू घ्यावीशी वाटते. तो बिचारा पंगत मोडू नये म्हणून धडपडत असतो. या पंगतीला लागतं तरी किती? नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार स्वच्छ एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-के चित्राला १५. तरीही अडकतंय म्हटलं की फोनवरचा गोड आवाज शंभराचा प्लॅन दोनशेचा करून देतो. दोनशे खिडकीपर्यंत येतात. कपाट आहे तिथेच असतं.

दिवाळीच्या साफसफाईनंतर येणाऱ्या तक्रारींचा वेगळा हंगाम असतो. फायबर म्हणजे केसाएवढी काच, आतून प्रकाश धावतो. सौम्य वळण तो घेतो, पण काच करकचून वळवली की त्या कोपऱ्यातून तो बाहेर निसटतो. आमच्या वहिनींना लोंबणारी वायर खपत नाही. त्यांनी धनत्रयोदशीच्या आधी उरलेल्या फायबरची छान घट्ट गुंडाळी केली, मेथीच्या जुडीचं रबरबँड लावलं आणि खिळ्याला टांगली. डब्यावर लाल दिवा लागला. लाइनमन आला, रबरबँड काढलं, वीतभर रुंदीचं सैल वेटोळं केलं, दिवा हिरवा. ‘‘वहिनी, हिला मोकळं ठेवा. आवळलीत की रुसते.’’ वहिनींनी मान डोलावली आणि तो गेल्यावर त्या सैल वेटोळ्यासमोर एक फुलदाणी आणून ठेवली. पितळेची.

आप्पांची शिस्त मात्र दुधारी आहे. ते रात्री झोपण्यापूर्वी फ्रिज सोडून घरातली सगळी बटणं बंद करतात. राउटरच्या दृष्टीने हे उत्तम. तक्रार केली की कंपनीचा माणूस ‘‘सर, बंद करून तीस सेकंदांनी चालू करा’’ म्हणतो आणि आपल्याला वाटतं हा आपल्याला कटवतोय. पण राउटर हा छोटा संगणकच असतो. दिवसचे दिवस चालू राहिला की कोणाचा फोन, कोणाचा टॅब, गेल्या रविवारी जेवायला आलेले पाहुणे अशा सगळ्यांच्या नोंदींनी त्याचं डोकं भरतं. वीज गेली की तो सगळं विसरून ताजातवाना होतो. तीस सेकंद अशासाठी, की आत साठलेली उरलीसुरली वीजही संपावी. आप्पांचा राउटर रोज झोपतो, म्हणून रोज टवटवीत.

हाल होतात ते टीव्हीचे. बरेच टीव्ही आपलं नवं सॉफ्टवेअर रात्री, सगळे झोपले असताना उतरवून घेतात. आप्पांच्या घरात त्याला ती रात्र मिळतच नाही. त्यामुळे पाहुणे आले, चिवडा आला, दिवे मंद झाले की तो जाहीर करतो, आधी अपडेट करा. शिवाय रोज वीज तुटल्यामुळे एकदा त्याचं घड्याळही बिघडलं. त्याच्या मते १ जानेवारी १९७० ही तारीख होती. आता प्रत्येक ॲप उघडताना टीव्ही समोरच्याचं ओळखपत्र तपासतो, आणि १९७० सालच्या टीव्हीला ही सगळी ओळखपत्रं भविष्यातली, म्हणजे खोटीच वाटणार! एकही ॲप उघडेना. ‘‘इंटरनेट चालू आहे, मग हे काय?’’ असं आप्पा तीन माणसांना विचारून बसले होते. तारीख बदलली, सगळं सुरू. १९७० साली मुंबई दूरदर्शन सुरू व्हायलाही दोन वर्षं होती, तेव्हा त्या टीव्हीचं काही दाखवायला नकार देणं तसं इतिहासाला धरूनच होतं.

ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, ही तक्रार बहुधा ब्लूटूथ स्पीकरची असते, वायरचा लावावा. आवाज येतो पण पडदा काळा, तर मधली जुनी एचडीएमआय जोडणी नकलेविरुद्धच्या कुलपापाशी अडली असते. यात सांगण्यासारखं फार नाही.

पासवर्डबद्दल मात्र आहे. खातं भाच्याच्या नावावर, भाचा अमेरिकेत, एडिसनला. त्याने तिकडे जाण्यापूर्वी सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन ठेवला होता आणि सुखाने नांदत होते सगळे. मग एका बड्या कंपनीने जुलै २०२३ मध्ये भारतात नियम काढला की एक खातं एकाच घराने वापरायचं, आणि घर कोणतं ते कोण कोणत्या इंटरनेटवरून पाहतं यावरून ठरणार. आपलं आयकर खातं काका-पुतण्यांचं हिंदू अविभक्त कुटुंब आजही मानतं. ही कंपनी फक्त अविभक्त वायफाय मानते. त्यामुळे मामींच्या टीव्हीने एके रात्री नऊ वाजता चार आकडी कोड मागितला. कोड गेला भाच्याच्या फोनवर. तिकडे सकाळ, भाचा ऑफिसच्या मीटिंगमध्ये. कोड पंधरा मिनिटांत शिळा होतो, मीटिंग तासाची. मामींनी बहिणीला फोन केला, बहिणीने सुनेला, सुनेने नवऱ्याला, आणि खून कोणी केला हे मामींना त्या रात्री कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावाने खातं काढलं. आता भाचा तिकडून त्यांना कोड मागतो.

एवढं सगळं मार्गी लावलं तरी एक दुखणं उरतंच, ते क्रिकेटचं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्याला एकाच वेळी ५.९ कोटी लोक एका ॲपवर होते आणि पंगत मोडली नाही, हे मला त्या सामन्याच्या निकालापेक्षा जास्त आठवावंसं वाटतं. पण थेट प्रक्षेपणातही तेच तुकडे पाडायचे, त्यांच्या प्रती करायच्या, गावोगावी पोचवायच्या, आणि आपला टीव्ही हाती दोन-तीन तुकडे जमल्याशिवाय सुरू करत नाही. यात वीस-तीस सेकंद सहज जातात. वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडे मात्र जुनी डिश. त्यांचा चेंडू जवळपास ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतो आणि तरी आमच्या आधी पोचतो. परिणामी आमच्याकडे गोलंदाज अजून रनअपला वळत असतो आणि छतातून ‘‘गेला! गेला!’’ ऐकू येतं. मग काय गेलं, चेंडू की फलंदाज, एवढाच आमच्यासाठी सामना उरतो.

यावर राउटर हलवून उपयोग नव्हता, म्हणून मीच वर गेलो. आजोबांनी सगळं समजून घेतलं. ओरडणं बंद करायला ते तयार नव्हते, डॉक्टरांनी मन मोकळं ठेवायला सांगितलंय म्हणाले, पण उशिरा ओरडायला तयार झाले. आता ते षटकार बसला की मनात पंचवीसपर्यंत मोजतात आणि मग ओरडतात. आमचं आणि त्यांचं छान जुळलंय. कालच दुसऱ्या मजल्यावरून निरोप आला. ते मोबाइलवर बघतात, त्यांच्यासाठी आजोबांनी चाळीसपर्यंत मोजावं.