नंबराची वारसनोंद

शासनाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. ऑगस्ट २०२४मध्ये चारचाकीच्या ‘०००१’ नंबराचे शुल्क तीन लाखांवरून पाच लाखांवर गेले. मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या ठिकाणी तर सहा लाखांवर. शिवाय पसंतीचा नंबर नवरा-बायको, मुलगा-मुलगी यांच्या नावे करण्याची मुभाही मिळाली. नंबर ही स्थावर मालमत्ता असल्याचे अखेर कुणाला तरी उमगले.

आता अर्ध्यावर थांबू नये. नंबराचीही वारसनोंद व्हावी, फेरफार निघावा, हरकतींसाठी नोटीस लागावी. बहिणींनी राजीखुशीने हक्कसोडपत्र लिहून द्यावे. भावकीत वाटणी झालीच, तर ज्येष्ठतेचा मान राखून ‘०००१’मधले तीन आकडे थोरल्याला आणि उरलेला एक धाकट्याला द्यावा. तक्रारीला जागाच नको.

भिवंडी तालुक्यातल्या दापोड्याला हे शिकवावे लागणार नाही. परवा तिथल्या गोदामांच्या रांगेपाशी एक कोरी पांढरी गाडी अडकलेली दिसली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, बंपरला लिंबू-मिरची, सीटवरचे प्लास्टिक अजून तसेच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. काका काच खाली करून समोरच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवत म्हणाले, “इथंच आमची भाताची खाचरं होती.”

पाटीवर नंबर होता ०७१२.

जमीन गेली. सातबारा तेवढा राखला.