निरंक

आमच्या बाबांनी जिल्हा परिषदेत ३१ वर्षं तक्ते भरले. त्या नोकरीने त्यांना निवृत्तिवेतन दिलं, पाठदुखी दिली आणि एक शब्द दिला: निरंक. रकाना रिकामा सोडला की तक्ता वरून परत येतो, ‘निरंक’ लिहिलं की पुढे सरकतो. घरातली साखर संपली तरी बाबा म्हणतात, ‘डबा निरंक आहे.’

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.साठी मी तिसऱ्यांदा अर्ज करायला बसले, तेव्हा लेखणी अर्थातच त्यांच्या हातात होती. अर्ज ऑनलाइन असला तरी बाबा तो आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चा उतरवतात.

‘अनुभव?’

‘निरंक.’

‘प्रसिद्ध झालेले शोधनिबंध?’

‘निरंक.’

‘एम.ए.नंतर खंड?’

इथे मात्र निरंक चालेना. खंड चांगला दोन वर्षांचा होता, आणि त्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो: सदर कालावधीत मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही, नोकरी केलेली नाही, घरीच होते. मी म्हटलं, ‘काका, “अभ्यास करत होते” एवढं तरी घाला.’ ते मान वर न करता म्हणाले, ‘ताई, “घरीच होते” यात सगळं येतं.’

खरंच सगळं आलं. दोन प्रवेश परीक्षा, एक मुलाखत, धुणं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि तीन लग्नांत ‘सध्या काय करतेस?’ या प्रश्नाला दिलेली उत्तरं. हा प्रश्न मामाने तर सविस्तर घेतला.

‘म्हणजे तू गोळ्या लिहून देणार?’

‘नाही मामा, ते सायकियाट्रिस्टचं काम. ते डॉक्टर.’

‘मग तू देणार काय?’

‘वेळ.’

‘तो तर तुझ्याकडे दोन वर्षं नुसता पडून आहे!’

मामाला कसं सांगावं, की नुसता वेळ चालत नाही, नोंदणीकृत वेळ लागतो. एम.ए. झालं म्हणून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यापुढे दोन वर्षं पूर्णवेळ, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम करायचं, मग भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तशी व्याख्याच आहे. आणि या शिक्षणाच्या जागा इतक्या थोड्या, की निवड यादी बघायला पान उलटावं लागत नाही.

त्या जागा असतात कुठे? तर जिथे रुग्ण आहेत तिथे. बेंगळुरूचं निम्हान्स १९७४ साली आजच्या रूपात आलं, पण त्याच्या पोटात म्हैसूर संस्थानच्या काळातलं जुनं मनोरुग्णालय आहे. रांचीची केंद्रीय संस्था १९१८ ची, सुरुवातीला फक्त युरोपीय रुग्णांसाठी. म्हणजे इकडे येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि तिकडे रांची अशी ज्या गावांची नावं घेऊन लोक एकमेकांना चिडवतात, त्यांतल्याच कुठल्या तरी गावी आपला शिरकाव व्हावा म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसतो. रांचीच्या अर्जाचं कळल्यावर शेजारच्या काकू आईला हळूच म्हणाल्या, ‘एवढं झालंय का पोरीला?’

त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. २०२३ च्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने बजावलं, एम.फिल.ला प्रवेश घेऊ नका. जानेवारीत पुन्हा पत्रक: क्लिनिकल सायकॉलॉजीचे प्रवेश २०२५-२६ पर्यंत करता येतील. मुक्कामाची एसटी सुटता सुटता कंडक्टरने घंटी ओढून परत थांबवावी, तसं झालं. पळत सुटण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्या पळापळीत माझी तयारी घेतली ती आत्याने. आत्या आमच्याकडेच माडीवर असते. रोज रात्री एक गोळी घेते, उन्हाळ्यात तीनशे पापड लाटते आणि कमी बोलते. माझ्या वह्या गुडघ्यावर घेऊन ती प्रश्न वाचायची. बिने-कामत चाचणी तिला आवडली. पॅरिसमधल्या बिनेने १९०५ साली शाळकरी मुलांसाठी केलेली बुद्धिमापनाची पद्धत कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. आमच्या मिरजेत पुष्कळ घरांत दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे कामत तिला गल्लीतलेच वाटले.

मग वहीत मानसिक स्थितीच्या तपासणीचं पान आलं. आज वार कोणता, गाव कोणतं, पंतप्रधान कोण. आत्या खुदकन हसली.

‘हे मला विचारायचे,’ ती म्हणाली.

घरात सांगितलं जायचं ते असं, की आत्या जवळपास दोन वर्षं कोल्हापूरला शिवणक्लासला होती. तिला साधी गुंडी लावता येत नाही, तरी आम्ही ते मानत आलो. ती होती दवाखान्यात. १९८९ च्या दसऱ्याला गेली, १९९१ च्या आषाढीला परत आली.

‘आणि त्या दोन वर्षांत पंतप्रधान किती झाले माहितीये? आधी राजीव गांधी. मग व्ही. पी. सिंग. मग चंद्रशेखर. मग नरसिंह राव. वॉर्डात पेपर यायचा चार दिवसांचा शिळा. मी आपली “राजीव गांधी” म्हणायची, की डॉक्टर कागदावर खूण करायचे. वेड मला लागलं होतं की दिल्लीला, कोण जाणे!’

मी हसले. मग हसू की नको ते कळेना. आत्यानेच पान उलटलं.

‘एक शिकाऊ मुलगी यायची. लांब वेणी, दर बुधवारी. ती पंतप्रधान विचारायची नाही. जेवायला काय होतं ते विचारायची. मी सांगितलं की म्हणायची, मग?’

‘मग?’

‘हां, असंच. तिला अजून काही येत नव्हतं गं. म्हणून ती ऐकायची.’

मुलाखतीत पाच जणांनी मला खंडाबद्दलच विचारलं. प्रतिज्ञापत्र पुढे करून मी म्हटलं, घरीच होते. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, ‘मग?’ मी अडखळले. पाठ केलेलं एकही वाक्य तिथे बसेना. पापड सांगितले, मामाचा प्रश्न सांगितला. आत्याचं सांगितलं नाही. ते सांगायला तिला विचारलेलं नव्हतं. बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

यादी लागली. मी प्रतीक्षा यादीत तिसरी. बाबांनी दोनदा चष्मा पुसून खात्री केली आणि म्हणाले, ‘निरंक नाही. तिसरी म्हणजे आकडा आहे.’ मग ते माडीवर गेले. त्यांनी आत्याला काहीतरी विचारलं, खालून नीट ऐकू आलं नाही. खाली आले ते पाठकोरा कागद घेऊन. पुढच्या अर्जाचा कच्चा खर्डा होता. ‘अनुभव’ या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा बाबांनी रकाना रिकामा सोडला होता.

‘अक्का म्हणते, हा तूच भर,’ ते म्हणाले.

मी वर गेले. आत्या खिडकीपाशी बसली होती.

‘आज वार कोणता?’ तिने विचारलं.

‘बुधवार.’

‘मग बस की.’